गुरुवारचं चीज

"म्हणजे जंतूंचाच रोग तुम्ही मला पाजणार?" शाल्वाने बाटली उजेडात धरली. आत पिवळसर पाणी होतं.

"जंतूंनाही आजार होतात," डॉक्टर लामाराबाई शांतपणे म्हणाल्या. शिकवायची त्यांना हौसच होती. "हे विषाणू फक्त जंतूंना गाठतात. आत शिरतात, आपली पोरं वाढवतात आणि जंतूला फोडून बाहेर पडतात. माणसाच्या वाटेला जात नाहीत. प्या."

"सापडले कुठे?"

"आपल्याच नदीत. गटार मिळतं ना, तिथे. गाळून, स्वच्छ करून आणलेत."

शाल्वाने डोळे मिटून बाटली रिकामी केली. "खाणावळीतल्या नुनूच्या सूपपेक्षा बरं आहे."

वरच्या लाकडी सज्ज्यातून त्सियालाचा आवाज आला. तीही आजारीच होती. "त्याला दुप्पट द्या हो, डॉक्टर. त्याच्या पोटात जंतू कसले, तोच एक जंतू आहे."

"बघा, जीभ अजून धडधाकट आहे," शाल्वा म्हणाला. "औषध वाया घालवू नका तिच्यावर."

जॉर्जियातल्या तिबिलिसी शहराच्या त्या अंगणात हे भांडण सगळ्यांच्या सवयीचं होतं. शाल्वाचा द्राक्षवेल त्सियालाच्या सज्ज्यावर चढला होता आणि द्राक्षं कोणाची, हे अजून ठरलं नव्हतं. एक जण नळावर असला की दुसरा जिन्यातच थांबायचा. दोघंही एकटे, दोघंही म्हातारे. आणि शनिवारी दोघंही एकदमच तापाने, जुलाबाने आडवे झाले.

दोघांत सामाईक गोष्ट एकच दिसत होती. संध्याकाळी दोघंही खाली नुनूच्या खाणावळीतून चीज भरलेली खाचापुरी मागवायचे. नगरपालिकेचा माणूस येऊन नुनूला सांगून गेला होता, सोमवारपर्यंत जंतू इथला नाही हे दिसलं नाही तर दाराला कुलूप. नवरा गेल्यावर नुनूने उभं केलेलं सगळं त्या दाराच्या आत होतं.

बुधवारी लामाराबाई दोन काचेच्या बशा घेऊन नुनूकडे आल्या.

"यात शाल्वाचे जंतू, यात त्सियालाचे. सायीसारखे पसरलेत बघ. मी वर वेगवेगळ्या विषाणूंचे थेंब टाकले. ज्या विषाणूला हा जंतू आवडतो, तिथे त्याने खाऊन भोक पाडलंय."

नुनू वाकून बघत राहिली. दोन्ही बशांत भोकं त्याच त्या जागी होती.

"एकाच घराण्याचा जंतू," लामाराबाई म्हणाल्या. "म्हणजे दोघांच्या पोटात तो एकाच ताटातून गेलाय. तुझं चीज म्त्सखेता गावाहून येतं ना? उद्याच्या उद्या गवळणीकडून नमुना आण."

"उद्या गुरुवार," नुनू म्हणाली.

"मग?"

"शुक्रवारी आणते."

"अगं, तुझ्या दाराला कुलूप लागायची वेळ आलीय."

"शुक्रवारी आणते म्हटलं ना."

लामाराबाईंनी दारात उभ्या असलेल्या गाडीवाल्या अंझोरकडे पाहिलं. "तू तरी जा रे."

"गुरुवारी माझी गाडी तिकडे जात नाही, बाई," अंझोर म्हणाला आणि बोनेट उघडून आत डोकं घालून बसला.

लामाराबाई बशा उचलून निघाल्या. घरी जाताना त्यांना वाटलं, पोरगी खराब चीज लपवून दुसरंच आणणार. मन खट्टू झालं. नुनूला त्यांनी लहानपणी अक्षरं गिरवायला शिकवलं होतं.

गुरुवारी सकाळी त्या औषध द्यायला आल्या, तर शाल्वा गळ घेऊन निघालेला.

"या अंगाने मासे धरायला?"

"ताप उतरला की. गुरुवार चुकवत नाही मी."

"याला आजवर शेपूटसुद्धा मिळालेलं नाही," अंझोर म्हणाला.

शाल्वाच्या टोपीवर मेणाचा थेंब वाळला होता. लामाराबाईंनी तो नखाने खरवडून काढला आणि त्याला आणखी एक बाटली पाजली. घटकाभराने डोक्याला रुमाल बांधून त्सियाला मागच्या दाराने निघाली. गुरुवारी ती चर्चमध्ये मेणबत्ती लावायची.

शुक्रवारी नुनूने चीज आणलं. लामाराबाईंनी तिच्या सुऱ्या, पाट, हात, फडकी, सगळ्यांचे नमुने आपल्याच हाताने घेतले. फडक्यावर एक जंतू उगवला, दिसायला थेट तसाच. नुनूचा चेहरा पडला.

"थांब," लामाराबाई म्हणाल्या. "चेहऱ्यावरून चोर ठरवायचा नसतो."

रविवारी त्यांनी बशी उघडली. एकाही थेंबाखाली भोक पडलं नव्हतं. विषाणूंनी त्या जंतूला ओळखसुद्धा दाखवली नव्हती. तो दुसराच होता, निरुपद्रवी. चीजमध्ये तर काहीच नव्हतं.

सोमवारी नगरपालिकेचा माणूस बशा बघून, दोन खाचापुऱ्या खाऊन गेला.

संध्याकाळी अंगणात टेबलं जोडली गेली. बरा झालेला शाल्वा मेजवानीचा म्होरक्या होता. त्याने नुनूसाठी वाइनचा पेला उचलला, नदीसाठी उचलला, गटारासाठीसुद्धा उचलला. मग त्याने बिअर मागवली. बिअरचा पेला इथे वैऱ्यासाठी असतो.

"वरच्या मजल्यावरच्या बाईसाठी," तो म्हणाला. "माझी द्राक्षं तिला पचोत."

"आंबट आहेत," त्सियाला म्हणाली आणि तिने खिडकी आपटली. सगळं अंगण हसलं.

लामाराबाई नुनूबरोबर ताटं पुसत होत्या. "एक कोडं मात्र सुटलं नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडून नाही, तर या दोघांना तो एकच जंतू मिळाला कुठे?"

नुनूने ताट खाली ठेवलं. वर बंद खिडकीकडे पाहिलं, मग शाल्वाकडे, आणि आवाज अगदी लहान केला.

"त्या दोघांना एवढंच सांगा डॉक्टर, म्त्सखेताला नद्यांच्या संगमावर जी म्हातारी बसते, तिचं चीज घेऊ नका. आणि आम्हाला ठाऊक आहे हे कळू देऊ नका. गुरुवारी त्या दोघांखेरीज या अंगणातलं कोणीच तिकडे फिरकत नाही."