दिवाळीचा ऑइल पेंट

सोसायटीची इमारत सकाळपासून आठ इंच खचली होती आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या लाजाळूसारख्या मिटत चालल्या होत्या. दुरुस्तीला बोलावलेल्या सुकन्या केळुसकर, बी.एस्सी. बॉटनी, हिने भिंतीला कान लावला. मग नखाने थोडा रंग खरवडला.

"काका, हा कुठला रंग?"

"दिवाळीला दिला. ऑइल पेंट, दहा वर्षं टिकतो," सेक्रेटरी धारप म्हणाले.

"बांधलेली नाही, झाडासारखी वाढवलेली इमारत आहे ही. भिंतींनी श्वास घेते. तुम्ही तिचं नाक बुजवलंत. संध्याकाळपर्यंत रंग निघाला नाही तर मान टाकेल."

धारप वरमले. चार वर्षांपूर्वी हिचंच स्थळ त्यांच्या मुलासाठी सांगून आलं होतं. 'बायॉलॉजी शिकून काय करणार, कुंड्यांना पाणी घालणार?' असं म्हणून त्यांनी पत्रिका परत पाठवली होती.

"तुझं लग्न व्हायचंय ना अजून?" त्यांनी हळूच विचारलं. "आमचा शिरीष सिव्हिल इंजिनिअर आहे. आता इमारती कोणी बांधत नाही, म्हणून घरीच असतो."

सुकन्याने पिशवीतून रंग खरवडायचा पत्रा काढून त्यांच्या हातात ठेवला.

"बोलवा त्याला. परांचीवर चढायची सवय असेलच."