लिनक्सवर लवकरच

‘हा खेळ आपल्या प्रणालीसाठी उपलब्ध नाही.’

गोरक्षने चष्मा काढला, बनियनला पुसला, परत लावला. लॅपटॉपच्या पडद्यावरचं वाक्य तेच होतं. कालपर्यंत त्याच जागी ‘लिनक्सवर लवकरच’ असं लिहिलेलं होतं. त्या ‘लवकरच’वर त्याने दोन वर्षं काढली होती. आगाऊ पैसेही भरून ठेवले होते. आज संध्याकाळी खेळ ऑनलाइन दुकानात आला आणि ‘लवकरच’ तेवढं गेलं.

खेळ चौघांचा होता. एक जहाज, चार खलाशी, आणि समोर खवळलेला समुद्र. पुणतांब्यात एका बाकावर शिकलेले चौघे आता पांगले होते. आदिनाथ शिर्डीच्या हॉटेलात काउंटरवर, श्रीमंत चाकणला कंपनीत, सुनील नाशिकला. गोरक्ष तेवढा गावात उरला होता. भेट व्हायची ती सप्ताहाला, वर्षातून एकदा. आजही दुपारची पंगत उठली तसे तिघे आपापल्या कामाच्या गावी परतले होते. यापुढे रोज संध्याकाळी जहाजावर भेटायचं, असं दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. चौथा नसला तरी जहाज तिघांनाही चालवता येतं, ही माहिती दुकानाने ठळक अक्षरांत दिली होती.

गोरक्षचं स्टेशन रोडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्याच्या जुन्या लॅपटॉपला विंडोज झेपेना, म्हणून त्याने त्यात फुकटचं लिनक्स टाकलं. लॅपटॉप पळायला लागला आणि गोरक्ष कीर्तन करायला लागला. कीबोर्डचं बटण बसवायला आलेल्या गिऱ्हाइकालाही तो लिनक्सचा महिमा सांगायचा. गिऱ्हाईक शांतपणे ऐकून घ्यायचं आणि पुढच्या वेळी कोपरगावला जायचं.

त्याने खेळाच्या दुकानाला तक्रार लिहिली. उत्तर तत्काळ आलं. ‘लिनक्सवर खेळणारे फारच थोडे असल्याने तूर्त त्यांचा विचार करता येत नाही. आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आम्ही आभारी आहोत.’

संयम त्याने अजून दाखवलेला नव्हता.

बायको, निकिता, मागे उभी राहून वाचत होती. “आभार तरी मानलेत,” ती म्हणाली. “दुपारी तुमचे तेबी कुनी मानले न्हाईत.”

ते खरं होतं. दुपारी काल्याची पंगत होती आणि गोरक्ष वाढप्यांचा म्होरक्या. शेवटच्या पानावर वाढून झालं की म्होरक्याने विठ्ठलाच्या नावाची आरोळी द्यायची. तोवर कुणी घास घ्यायचा नाही, हा तिथला रिवाज. आज आरोळी त्याच्या ओठांवर आलेली. तेवढ्यात मालनबाई वस्तीवरून चालत आल्या आणि पार टोकाला टेकल्या. तिथल्या पत्रावळ्या संपल्या होत्या. गोरक्ष आरोळी गिळून कोठीत पत्रावळ शोधायला गेला. अख्खी पंगत हात मांडीवर ठेवून बुंदीकडे बघत बसली. आमटीवर साय धरली.

“आरं ए गोरखा,” आदिनाथ पंगतीतून ओरडला, “एका म्हातारीपायी आख्खं गाव उपाशी ठेवतो व्हय?”

“पान एकच हाय,” कोठीतून आवाज आला, “पन पंगतीत हाय!”

कुणी हसलं नाही. भुकेली माणसं हसत नाहीत. मालनबाईंना पत्रावळ मिळाली, आरोळी झाली, आणि गावाने गोरक्षच्या नावाने बोटं मोडत भाकरी मोडली. हात धुताना आदिनाथ म्हणाला, “तुज्या हातची आमटी गारच लिवलीय आमच्या नशिबात.”

आता गोरक्षने तिघांना निरोप धाडला. ‘माझं जमत न्हाई. तुमी करा सुरू. मी मागनं येतो.’ ‘मागनं येतो’ हे ‘लवकरच’सारखंच होतं, हे लिहिताना त्याला ठाऊक होतं. इथून पुढे तिघे जहाजावर भेटणार, जहाजाच्या गोष्टी करणार, आणि सप्ताहाला आले की त्याला त्या समजावून सांगणार. मग समजावून सांगायचाही कंटाळा करणार.

त्याने पडद्यावरची मित्रांची नावं बघितली. तिन्ही नावांपुढे हिरवा ठिपका होता. म्हणजे तिघे हजर होते. कोण काय खेळतंय ते नावाखाली दिसायचं. तिथे काहीच नव्हतं. निकिताने चहा केला, त्याने तो प्यायला, कप विसळून आला. तरी काहीच नव्हतं.

“लाइट गेली आसंल,” निकिता म्हणाली.

“तिघांची? तीन गावांत? आन् मग ठिपकं हिरवं कसं?”

त्याने आदिनाथला फोन लावला. “खेळ उतरला न्हाई का रे तुमच्याकडं?”

“कवाच उतरलाय.”

“मग करताय काय?”

“दुकानाला तक्रार लिवत हुतो. तिघांनीबी लिवली. आमीबी लिनक्सवाले हाय, आमचाबी इचार करा.”

“आरं, तुमच्याकडं विंडोज हाय!”

“ते दुकानाला कोन सांगतंय?”

“त्यांना दिसतंय रे सगळं!”

“दिसू दे की मग. आमी कुठं तोंड लपवलंय?”

पुणतांबेकर लिनक्सवाल्यांची संख्या एका चहात चौपट झाली होती.

गोरक्षला काहीतरी बोलायचं होतं. आभार हा शब्द दुकानाने मघाशीच वापरून टाकला होता. त्याला तो उष्टा वाटला. तो म्हणाला, “बरं, लिवलंत ना? झालं. आता सुरू करा. तिघांना चालतंय ते जहाज. दोन वर्सं वाट बगितलीय तुमी, माझ्यापायी कशाला ताटकळताय?”

पलीकडे आदिनाथ दुपारच्याच सुरात ओरडला.

“वाढप्या, टोकाचं एक पान ऱ्हायलंय! तू आरोळी दिल्याबिगर घास कोन घेतंय?”