स्वल्प तापू दे

"व्हॉल्व्ह," शंतनु म्हणाला.

डोळ्यांवर कस्तुरीची ओढणी बांधलेली, हात मांडीवर, आवाज न्यायाधीशाचा. बेळ्ळंदूरच्या बाराव्या मजल्यावर दुपारचं ऊन थेट दिवाणखान्यात आलं होतं. मागे उभ्या असलेल्या कस्तुरीने कागदावर खूण केली. पेन एकदा वाजलं, मग पुन्हा एकदा वाजलं.

"कशावरून?"

"तंबोरा ऐक ना. दोन तारांच्या मधे हवा आहे. उबदार हवा."

"होय की. मला तर उकडायलाच लागलं."

एक झाला. नऊ राहिले.

फळी एक आणि अँप्लिफायर दोन, असा हा प्रश्न होता. जुना ट्रान्झिस्टरचा. लग्नाच्याही आधीचा, अकरा वर्षांत एकदाही न कुरकुरलेला, रिमोटवर चालणारा. नवा व्हॉल्व्हचा, त्यातल्या त्यात स्वस्त, डोक्यावर लोणच्याच्या छोट्या बरण्यांसारख्या चार काचेच्या नळ्या. त्याला येऊन तीन आठवडे झाले होते. सहा वाजता व्हाइटफील्डहून शंतनुचा मित्र यशोवर्धन येणार होता आणि दोघांतला एक घेऊन जाणार होता. कुठला, ते अजून ठरायचं होतं.

"डोळे बांधून ओळख," असं कस्तुरीच म्हणाली होती. "दहा वेळा लावते. कान फसले तर व्हॉल्व्ह गेला. सरी?"

"सरी," शंतनु म्हणाला होता. दोन्ही अँप तापत ठेवायचं काम तिच्यावर सोपवून तो आंघोळीला गेला होता. शर्यतीला उतरायचं तर स्वच्छ कानांनी.

पुण्याहून आल्यापासून 'सरी', म्हणजे 'ठीक', हा एकच कन्नड शब्द त्याला जमला होता. कस्तुरी राजाजीनगरच्या जुन्या मराठी घरातली, तिच्या दर दुसऱ्या वाक्यात 'स्वल्प' असायचं. आत्ताही, अगदी पहिल्या वेळी, अँप बदलायचा खटका दाबल्यावर स्पीकर गप्पच राहिले, तेव्हा ती मागून म्हणाली होती, "स्वल्प थांब." मग पुन्हा खटका वाजला आणि तंबोरा सुरू झाला.

"स्वल्प म्हणजे नक्की किती मिनिटं?" तो नेहमी विचारायचा.

"स्वल्प म्हणजे स्वल्प."

पुणेरी माणसाला हे उत्तर झेपत नसे.

दोन. खटका. "हा जुना. कोरडा. पितळी."

तीन. "हाही जुनाच. फसवतेस काय?"

"छे. मी कशाला फसवू?"

चार. "आला. व्हॉल्व्ह आला. रेकॉर्डिंगमधल्या बाई गाताना श्वास घेतात, तो ऐकलास?"

"मी पण घेतला आत्ता."

पाच, सहा, सात.

इथे थोडं मागे जायला हवं. जुना अँप होता तेव्हा शंतनु ऑफिसातून यायचा, बूट काढायच्या आधी रिमोट दाबायचा आणि डोळे मिटून बसायचा. कस्तुरीने तोंड उघडलं की त्याचं एक बोट वर जायचं. व्हॉल्व्हला मात्र तापावं लागतं. आवाज तो अर्ध्या मिनिटात देतो, पण पुरी दहा मिनिटं जायच्या आत ऐकणं म्हणजे शंतनुच्या मते कच्चा भात खाणं. त्या दहा मिनिटांत करायला काही नसतं. म्हणून तो कस्तुरीशी बोलायचा.

तीन आठवड्यांत त्याला पुढील गोष्टी कळल्या. तिची बॉस बदलली आहे. शेजारच्या सोनमबरोबर ती जानेवारीपासून पोहायला शिकते आहे. तिला वांग्याची भाजी आवडत नाही. कधीच आवडत नव्हती.

आठ, नऊ. "दहा," शंतनु म्हणाला, "व्हॉल्व्ह. डोळे बांधून काय, झोपेत ओळखीन."

कस्तुरीने ओढणी सोडली. "दहापैकी दहा."

शंतनु उभा राहिला. कोणाला तरी वाकून नमस्कार करावा असं त्याला वाटलं, पण समोर फक्त स्पीकर होते.

यशोवर्धन सहाला आला, जुना अँप चादरीत गुंडाळला आणि दारात अडखळला. "अरे, नक्की ना? हा चांगला ठणठणीत आहे."

"कानांनी निकाल दिलाय," शंतनु म्हणाला आणि त्याच्यासाठी लिफ्टचं बटण दाबलं.

परत येऊन तो नव्या अँपपाशी वाकला. इतका वेळ तापलाय, आता बंद करावा. भिंतीवरचं बटण चालू होतं. अँपचं स्वतःचं बटण मागच्या बाजूला असतं, ते बंद होतं. दुपारच्या उन्हात नळ्या पेटल्यात की नाही ते तसंही दिसलं नसतं. त्याने एका नळीवर बोट टेकवलं. मग दुसऱ्या. चारही थंडगार. पहिल्या वेळी गप्प राहिलेले स्पीकर त्याला आठवले.

शेजारी कागद पडला होता. दहा बरोबरच्या खुणा. पहिलीच्या खाली एक फुली होती, तिच्यावरून पेन दोनदा फिरवलेलं.

स्वयंपाकघरातून कस्तुरी चहा घेऊन आली. "केलास चालू?"

शंतनुने हात मागे नेऊन बटण दाबलं. "केला."

ती त्याच्या शेजारी बसली. पुढच्या शनिवारी सोनम तिला खोल पाण्यात नेणार होती.

"भीती वाटते?" त्याने विचारलं.

कस्तुरीने कप खाली ठेवला आणि सांगायला लागली. पायाखाली तळ लागत नाही तेव्हा कसं होतं ते. बाहेर अंधारत गेलं, तसा काचांतला तांबूस उजेड आधी फळीवर आला, मग तिच्या हातांवर.

"झाली की दहा मिनिटं," ती मधेच म्हणाली. "लाव आता तुझा तंबोरा."

"स्वल्प थांब. अजून तापला नाही."

"किती वेळ?"

"स्वल्प."