मोहरी रंगाचा शर्ट

ताई इमेज कन्सल्टंट झाली तेव्हापासून तिचा एकमेव क्लायंट मी, तोही फुकटातला. आजच्या इंटरव्ह्यूसाठी मोहरी रंगाचा शर्ट तिनेच काढून दिला.

"ताई, सिग्नलचा पिवळा दिवा दिसतोय मी."

"गप रे. सख्ख्या बहिणीवर तरी विश्वास ठेव."

ठेवला. वर्षभर घरी बसल्यावर माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

नोकरी एकच होती. बाहेरच्या खोलीत मी बसलो होतो, तेवढ्यात गडद निळ्या सुटातला एक उमेदवार आला. अख्खी रांग रिकामी सोडून नेमका माझ्या शेजारी टेकला. इतका रुबाबदार दिसत होता की मीच त्याला नोकरी देऊन टाकली असती.

"कपडे कोणी निवडले हो?" न राहवून मी विचारलं. त्याने खिशातून कार्ड काढून दिलं. ताईचं! मला भरून आलं. चला, ताईला पैसे देणारं गिऱ्हाईक मिळालं एकदाचं.

"पण एवढ्या खुर्च्या रिकाम्या असताना इथेच का बसलात?"

 

तो टाय सारखा करत म्हणाला, "मॅडमनी बजावलंय, मोहरी शर्टवाल्याच्या शेजारीच बसा, उठून दिसाल."