स्पिरिटवरची फुंकर

स्पिरिट लावलं की ते आपोआप वाळू द्यायचं, वर फुंकर मारायची नाही, हे सिस्टरबाई नव्या नर्सना घसा कोरडा होईस्तोवर सांगत. तोंडातले जंतू परत दंडावर नेऊन ठेवायचे, तर मग पुसायचं तरी कशाला? त्या स्वतः मास्कशिवाय सुईला हात लावत नसत.

म्हणून सकाळी एक आजोबा बाही खाली करत म्हणाले, “फुंकर घातलीत, बरं वाटलं,” तेव्हा त्या नुसत्या हसल्या. स्पिरिट उडताना गार लागतंच. दारूचीच बहीण ती, एका जागी कशी टिकेल?

त्यानंतर आलेली एक शिक्षिका मात्र दंड चोळत म्हणाली, “फुंकर जरा लांबून मारा हो.” सिस्टरबाईंनी उठून पंखा बंद केला आणि खिडकीही लावून घेतली.

दुपारी त्यांची पोटुशी लेक धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आली. सुई म्हटली की ती डोळे मिटून बसायची.

“बाळंतपणात काय करशील गं?” म्हणत त्यांनी तिचा दंड पुसला आणि सुई भरायला समोरच्या कपाटाशी गेल्या.

“आई, पुरे फुंकर. गुदगुल्या होतात,” मागून लेक हसली.

त्या गर्रकन वळल्या. लेकीजवळ कुणीच नव्हतं. दोघींच्या मधे अख्खी खोली होती.



लेकीचे डोळे अजून घट्ट मिटलेले होते. हसू तेवढं हळूहळू मावळलं.

“आई, इंजेक्शन दंडात द्यायचंय ना? मग पोट का हुंगतेस?”