विरोधाचं मत

जीवरामभाऊ आमच्या धरणगावच्या कापसाच्या जिनिंग कंपनीचे डायरेक्टर. त्यांना जिनिंग बंद करून जागा विकायची होती, म्हणजे आमची साठ माणसं घरी. जीवरामभाऊंना डायरेक्टरपदावरून काढायला आम्ही चौघा भागधारकांनी विशेष सभा मागितली. शेअर आमचे जास्त होते. पण कायदा असा, की सभेला पाच भागधारक स्वतः हजर पाहिजेत. अर्ध्या तासात पाच झाले नाहीत तर सभा रद्द. जीवरामभाऊ स्वतः आले नाहीत, आणि आपल्या बाजूच्या सगळ्या भागधारकांनाही त्यांनी घरीच बसवलं.

सव्वीस मिनिटं झाली. आमच्या चौघांतले गिरधर नाना म्हणाले, "चला, उठा आता."

तेवढ्यात जीवरामभाऊंच्या काकू, भिकुबाई, आत आल्या. त्यांच्या नावावर दहा शेअर होते. खुर्चीत बसत म्हणाल्या, "तुमना ठरावले मन्हा विरोध शे. लिखी ल्या."

नाना माझ्या कानात म्हणाले, "ही बी भांडालेच उनी!"

"भांडायला का होईना, आल्या ना? भांडू द्या, नाना. पाच झाले!"

सभा झाली, ठराव पास झाला. विरोधात एकच मत, काकूंचं. मला वाटलं, बिचारीला नियमच माहीत नव्हता. तरी राहवलं नाही. फाटकापाशी गाठून पाया पडलो.

"अक्का, तुम्हाला ठाऊक नसेल, पण तुम्ही आल्या नसत्या तर सभाच झाली नसती."

त्यांनी आधी रस्त्यावर दोन्हीकडे बघितलं.

"माले बठ्ठं माहीत शे, भाऊ. म्हणीसन तं उनू. पन घर माले सांगता येवाले जोयजे ना, मी विरोधच कया म्हणून."