'व्हेरी'चा जुना अर्थ

माळेगावहून इंदापूरच्या वक्तृत्व स्पर्धेला जाताना जीपमध्ये स्वरदानं आपल्या भाषणातला हुकमाचा एक्का राजनंदिनीच्या कानात सांगितला होता. "इंग्रजीतला 'व्हेरी' हाय ना, त्याचा जुना अर्थ नुसता 'खरा'! 'फार' हा अर्थ मागनं चिकटला. बोलू नको हं कुणाला."

राजनंदिनीचा नंबर आधी लागला आणि तिनं तोच एक्का स्टेजवरून दणक्यात टाकला. टाळ्याच टाळ्या!

परीक्षक बाई खूश झाल्या. "कुठं सापडलं गं तुला हे?"

"माझं मीच शोधलं, मॅडम!"

मग स्वरदाचं नाव पुकारलं. ती उठली, तशी राजनंदिनी खाली बघत आपल्या भाषणाच्या कागदाची घडी घालू लागली.

माईकसमोर स्वरदा एवढंच म्हणाली, "माझी तयारी झाली नाही, मॅडम," आणि परत राजनंदिनीच्याच शेजारी येऊन बसली.